आठवण येते कुठून?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

लग्नाच्या मांडवात एखादे गृहस्थ हात जोडून समोर येतात आणि विचारतात, "काय, ओळखलंत का?" चेहरा अगदी ओळखीचा असतो. ते कऱ्हाडकडचे, आपल्या मेहुण्यांचे मित्र, मागे भेटले तेव्हा त्यांच्या पायाला प्लास्टर होते, एवढे सगळे आपल्याला आठवते. नाव तेवढे येत नाही. ओठावर असते, पण बाहेर पडत नाही. आपण "वा, तुम्हाला कोण विसरेल!" असे म्हणून वेळ मारून नेतो. आणि संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना, कोणी विचारलेले नसताना, ते नाव आडनावासकट हजर होते.

आता प्रश्न असा, की दुपारी ते नाव कुठे होते? पुसले गेले असते तर संध्याकाळी आले नसते. म्हणजे साठवण शाबूत होती. अडले होते ते काढून आणणे. मानसशास्त्र शिकवण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली आणि या काळात पालकांनी मला विचारलेले बहुतेक प्रश्न साठवणीबद्दलचे होते. मुलाच्या डोक्यात राहत नाही, काय करावे? बदाम द्यावेत का? शंखपुष्पी द्यावी का? डोक्यात गेलेले वेळेवर हाती कसे लागते, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. मला तर विषयाची खरी गंमत तिथेच आहे असे वाटते, आणि खरी काळजीही तिथेच आहे.

ओठावर अडलेल्या शब्दाचा अभ्यास १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतल्या कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि तो शब्द ओळखायला सांगितले. काहींना शब्द आला, काहींना मुळीच आला नाही. पण काही जण मधल्या अवस्थेत अडकले. शब्द येतोय, येतोय, पण येत नाही. अशांना विचारले, निदान पहिले अक्षर सांगा. निम्म्याहून अधिक वेळा त्यांनी ते बरोबर सांगितले. शब्दात किती अवयव आहेत याचा अंदाजही बऱ्यापैकी जमला. म्हणजे अडलेला शब्द पूर्णपणे अडलेला नसतो. त्याचा एखादा तुकडा आधी येतो, बाकीचा मागे राहतो. हे तुकड्यातुकड्याने येणे लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच आहे.

आपल्या मनातले आठवणीचे चित्र साधारणपणे माळ्यावरच्या ट्रंकेचे असते. वर चढायचे, झाकण उघडायचे, हवी ती वस्तू काढायची. तरुण मंडळी ट्रंकेऐवजी कॉम्प्युटरची फाइल म्हणतील. दोन्हींत समजूत एकच, की आठवण एका जागी अखंड पडून आहे आणि काढली तरी तिच्यात बदल होत नाही. मेंदूत तसे काही सापडत नाही. समजा, आजोळच्या अंगणातली एक दुपार तुम्हाला आठवते. त्या दुपारचे जे दिसले ते मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीचे काम चालते त्या भागांत. आजीची हाक कानशिलाजवळच्या भागांत. कैरीची चव आणखी कुठे. आणि विहिरीत डोकावताना वाटलेली भीती अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाशी जोडलेली. एक दुपार अशी घरभर विखुरलेली असते.

मग ती एकत्र कोण आणतो? याचे उत्तर विज्ञानाला एका दुर्दैवी माणसामुळे मिळाले. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हेन्री मोलेझन नावाचा तरुण होता. त्याला लहानपणापासून फेफरे येत. औषधांनी गुण येईना, तेव्हा १९५३ साली, त्याच्या वयाच्या २७ व्या वर्षी, हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूचा आतला एक भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा गेला. हा भाग समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला ग्रीक भाषेतले त्याचेच नाव मिळाले आहे. फेफरे कमी झाली. पण हेन्रीला नवे काही लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की ओळख पहिल्यापासून. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तो २००८ मध्ये वारला. तोपर्यंत जगाला तो 'एच. एम.' या आद्याक्षरांनीच माहीत होता.

हेन्रीची बुद्धी शाबूत होती. आईवडील, शाळा, बालपण हे त्याला माहीत होते. म्हणून बरीच वर्षे असे मानले गेले की हिप्पोकॅम्पस फक्त नवी आठवण घडवतो. जुनी झाली की ती त्याच्याशिवाय चालते. पुढे त्याच्या जुन्या आठवणी बारकाईने तपासल्या तेव्हा निराळेच दिसले. त्याला लहानपणाबद्दल माहिती होती, पण प्रसंग असा सांगता येत नसे. "आम्ही सुटीत अमुक ठिकाणी जात असू" हे तो सांगे. "एके दिवशी काय झाले" हे सांगणे जमत नसे. लहानपणीच्या एका विमानसफरीसारखा एखाददुसरा प्रसंगच त्याला तपशिलाने सांगता येई. त्यामुळे आज अनेक संशोधकांचे मत असे आहे की प्रसंग जिवंत, बारकाव्यांसह उभा करायचा तर तो कितीही जुना असला तरी हिप्पोकॅम्पस लागतोच. या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला स्वतःला हे मत अधिक पटते.

हिप्पोकॅम्पसचे काम समजावून सांगताना मी वर्गात तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण देत असे. तलाठ्याच्या कपाटात शेत नसते. शेत शिवारात असते. दप्तरात असते ती नोंद: अमुक गट नंबर, अमुक बांध, अमुक विहिरीत हिस्सा. दप्तर उघडले की कोणकोणत्या तुकड्यांची मोट बांधायची ते कळते. हिप्पोकॅम्पस अशी नोंद ठेवतो. आणि त्याची खुबी अशी की नोंदीतला एक तुकडा हाती आला तरी तो बाकीचे तुकडे जागे करू शकतो. कैरीची फोड जिभेवर आली की अंगण, आजी, विहीर सगळे ओळीने उठते. असे तुकड्यावरून पूर्ण चित्र उभे करण्यासाठी लागणारी चेतापेशींची आपापसांतली घट्ट जोडणी त्याच्या एका भागात आहे.

हे नुसते तर्काने सांगतो असे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. फेफऱ्याच्या काही रुग्णांच्या मेंदूत, शस्त्रक्रियेपूर्वी नेमकी जागा शोधण्यासाठी, बारीक तारा बसवलेल्या होत्या. लॉस एंजेलिसमधील शल्यविशारद इट्झाक फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या संमतीने त्यांना छोट्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. काही पेशी एखाद्याच चित्रफितीला जोरात प्रतिसाद देत. नंतर पडदा बंद करून रुग्णांना सांगितले, काय काय पाहिले ते आठवेल तसे सांगा. रुग्ण एखाद्या चित्रफितीचे नाव घेई, त्याच्या क्षणभर आधी नेमकी तीच पेशी पुन्हा सळसळे. समोर पडदा कोरा आणि मेंदूत मघाचीच हालचाल! म्हणजे आठवणे हे पुष्कळ अंशी पुन्हा एकदा पाहणेच असते. फक्त ते फिकट असते, आणि का, ते पुढे येईलच, थोडे बदललेलेही असते.

आता त्या पहिल्या तुकड्याकडे वळू. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'क्यू' म्हणतात. मी 'खूण' म्हणेन. खूण मिळाली तर आठवण येते, नाही मिळाली तर ती असून नसल्यासारखी. कॅनडात एंडेल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन यांनी, तेही १९६६ मध्येच, विद्यार्थ्यांना शब्दांच्या लांबलचक याद्या ऐकवल्या. शब्द गटांत होते, म्हणजे फळे, हत्यारे, प्राणी असे. नंतर अर्ध्यांना कोरा कागद दिला आणि अर्ध्यांना गटांची नावे छापलेला. दुसऱ्यांना कितीतरी अधिक शब्द आठवले. मग कोरा कागदवाल्यांनाही गटांची नावे दिली, तर त्यांचेही "विसरलेले" शब्द परत आले. विसरलो म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगतो. आपण ज्याला विसरणे म्हणतो त्यातला मोठा भाग खूण न सापडण्याचा असतो.

आपल्याकडे हे अनुभवाने सर्वांना माहीत आहे. जुन्या माणसाला "तेरा नव्वे किती?" असे मध्येच विचारा; ते मनातल्या मनात तेरा एकेपासून धावत येतील आणि बरोबर जागी थांबून उत्तर देतील. आरतीचे तिसरे कडवे मधूनच म्हणा म्हटले तर जन्मभर आरती म्हणणारी बाईसुद्धा अडखळेल. सुरुवातीपासून म्हणा म्हटले की तिसरे कडवे आपोआप येईल. तिथे प्रत्येक ओळ ही पुढच्या ओळीची खूण असते. मी स्वयंपाकघरात कशाला आलो होतो हे विसरून आपण बाहेरच्या खोलीत परत जातो आणि तिथे उभे राहताच आठवते, तेही यामुळेच. वासाची तर गोष्टच वेगळी. डोळ्यांनी आणि कानांनी मिळालेला संदेश मेंदूतल्या एका मधल्या नाक्यावरून पुढे जातो. वासाला तो नाका ओलांडावा लागत नाही. भावना आणि स्मृती यांच्या भागांशी त्याची जवळपास थेट वाट आहे. कोऱ्या वह्यांचा वास आला की पन्नाशीच्या माणसाच्या पोटातही जूनमधली शाळा ढवळून निघते.

या संदर्भात पाणबुड्यांचा एक प्रयोग फार सांगितला जातो. १९७५ साली ब्रिटनमध्ये डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले. जिथे पाठ केले तिथेच ते अधिक आठवले. गोष्ट इतकी देखणी आहे की प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती असते; मीही शिकवली आहे. पण २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. जागा ही खूण असते हे खरे, पण ती वाटली तितकी जबर नसावी. परीक्षेला नेहमीच्याच खुर्चीवर बसायला मिळाले नाही म्हणून मुलांनी घाबरायचे कारण नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगून पुढे जातो. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१. आठवण काढण्याच्या प्रत्येक खेपेला वाट रुळत जाते. पुस्तकावर रंगीत पेनाने रेघा मारत बसणाऱ्या मुलांच्या आयांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवायला हरकत नाही.

पण याच वाटेवर धोकाही आहे. तलाठ्याचे दप्तर उघडले की कधी कधी काय होते? फेरफार होतो! आठवणीचेही तसेच आहे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगांत केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ती काही काळाने पुनःपुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा थोडी अधिक इंग्रजी झाली. होडीच्या प्रकारासारख्या अनोळखी गोष्टी ओळखीच्या झाल्या, न कळलेले गळाले, आणि सांगणाऱ्याला आपण काही बदलले असे वाटलेही नाही. मेंदू तुकडे गोळा करतो आणि मधल्या फटी आपल्या समजुतीने बुजवतो. गवंडी भिंतीत चिपा भरतो तसा.

फट बुजवायचे साहित्य प्रश्न विचारणाराही पुरवू शकतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची एक चित्रफीत दाखवली. मग काहींना विचारले, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, "चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता? दुसरा शब्द ऐकणाऱ्यांनी वेग अधिक सांगितला. आठवड्यानंतर विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. "चक्काचूर" ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काचा पाहिल्याचे सांगितले; सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने आठवणीत काचा पाडल्या. आणि हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना त्या दिसत होत्या.

मनाला चटका लावणाऱ्या घटना तरी पक्क्या राहत असतील, असे आपल्याला वाटते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतील एमोरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की ही बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी सांगितली, काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. सुमारे एक चतुर्थांश लोकांचे दुसरे उत्तर मुख्य बाबींत पहिल्याशी जुळलेच नाही. तरी खात्री मात्र भरपूर. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी काहींना कागद चुकीचा वाटला, आठवण नाही. खात्री आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही.

पेशींच्या पातळीवर असे का व्हावे याचा एक धागा २००० साली न्यूयॉर्कमध्ये मिळाला. करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एका विशिष्ट आवाजाची भीती शिकवली. ती आठवण पक्की झाल्यावर तो आवाज पुन्हा ऐकवून ती जागी केली आणि त्याच वेळी अमिग्डालामध्ये नवी प्रथिने बनणे थांबवणारे औषध सोडले. नंतर उंदीर त्या आवाजाला फारसे भीत नाहीसे झाले. औषध आठवण न जागवता दिले तर काही फरक पडत नव्हता. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ ओल्या मातीसारखी असते आणि तिला पुन्हा वाळावे लागते. माणसात हे कितपत आणि केव्हा घडते यावरचे प्रयोग सगळेच एका दिशेला जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

हे सारे प्रयोगशाळेपुरते असते तर मी रेडिओवर एवढा वेळ घेतला नसता. पण आठवण म्हणजे टेप, हा समज आपल्याकडे न्यायालयापर्यंत पोहोचलेला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर एका मेंदूचाचणीचा आधार घेतला. आरोपीच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारी टोपी बसवायची, डोळे मिटून गप्प बसायला सांगायचे आणि "मी अमुक विकत घेतले", "मी तमुक केले" अशी वाक्ये ऐकवायची. लहरींवरून ते कृत्य तिने स्वतः अनुभवले आहे की नुसते ऐकले आहे हे कळते, असा दावा. जगभरातल्या स्मृतिसंशोधकांनी या निकालाबद्दल चिंता व्यक्त केली. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदूचाचण्या संमतीवाचून करणे घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाचा मुख्य आधार घटनेतील हक्कांचा होता, आणि तो योग्यच होता. स्मृतीचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे त्याच्याही अलीकडचे आहे. ज्या बाईला महिनोन् महिने पोलिसांनी तेच प्रश्न विचारले, जिने तोच प्रसंग मनात शंभरदा रंगवला, तिच्या मेंदूत ते वाक्य ऐकून काही हलले, तर ते केल्याची खूण की विचारल्याची? लहरींवर तसे लिहिलेले नसते.

साक्षीदारांचेही तेच. ओळख परेडीत दिलेली ओळख आपल्या कायद्यात स्वतंत्र पुरावा मानत नाहीत. न्यायालयात दिलेल्या साक्षीला तिने पुष्टी मिळते, एवढेच. हा नियम करणाऱ्यांनी मेंदू उघडून पाहिला नव्हता, पण माणसे पाहिली होती. परेड लवकर घ्यावी, आधी साक्षीदाराला संशयिताचा फोटो दिसू नये, हा आग्रह त्यातूनच येतो. फोटो आधी वर्तमानपत्रात पाहिला, की त्या रात्रीच्या अंधारातल्या चेहऱ्याच्या जागी हा फोटो कधी बसला ते साक्षीदाराला स्वतःलाही कळणार नाही.

आता घराकडे येतो, कारण मला येणारे बहुतेक फोन हल्ली घरातल्या वृद्धांबद्दल असतात. अल्झायमरच्या आजारात सुरुवातीच्या काळात हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग यांची हानी होते. म्हणून सकाळी काय खाल्ले ते जाते आणि लग्नातली पंगत राहते. नवे आधी आणि जुने नंतर जाते, हे थेओद्यूल रिबो या फ्रेंच अभ्यासकाने १८८१ सालीच नोंदवून ठेवले होते. पण गेले म्हणजे पुसले गेले, की वाट बंद झाली? २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत सुसुमू टोनेगावा आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा आजार सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्या उंदरांवर काम केले. हे उंदीर आदल्या दिवशीचा धोका विसरत. ज्या पेशींत ती आठवण घडली होती त्यांच्यावर प्रकाशकिरण सोडून त्या थेट जाग्या केल्या, तर उंदरांना धोका आठवला. साठवण होती, खूण पोहोचत नव्हती. उंदरांवरून माणसांबद्दल औषधाची आशा लावू नये. आणि पुढच्या अवस्थेत पेशीच मरतात, तिथे खूण देऊन काही होत नाही. सुरुवातीच्या काळात मात्र आपण वृद्धांशी कसे बोलतो याला अर्थ आहे.

माझी आत्या ऐंशी ओलांडल्यावर अशीच हळूहळू दूर गेली. मी भेटायला गेलो की तिची सून मोठ्या मायेने विचारायची, "आई, कोण आलंय, ओळखा बघू?" हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. त्यात खूण एकही नाही. कोरा कागद पुढे ठेवल्यासारखे आहे. आत्या माझ्याकडे बघे, मग सुनेकडे बघे आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ओशाळी होई. मी सुनेला म्हटले, तू नाव सांगून टाक, विचारू नकोस. मग मी गेल्यावर ती म्हणे, "आई, वाईहून आणलेले कंदी पेढे घेऊन तुमचा भाचा आलाय, अण्णांचा मुलगा." वाई, पेढे, अण्णा, अशा तीन खुणा. दर वेळी नाही, पण पुष्कळदा आत्याचा चेहरा उजळे आणि कृष्णेच्या घाटावर कोण कोण धुणे घेऊन जायचे ते अर्धा तास चाले. त्यात अण्णा कधी आठ वर्षांचे असत, कधी नोकरीला लागलेले. मी दुरुस्त करत नसे. जबानी घ्यायची नव्हती.

पुढे पुढे त्या खुणाही चालेनाशा झाल्या. मी तिच्या लेखी अण्णाच झालो, नंतर तोही नाही. तेव्हा मला हेन्री मोलेझन आठवे. मिल्नरबाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती रेघेवरून गिरवायला शिकवली होती. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. हाताची आठवण हिप्पोकॅम्पसच्या दप्तरात नसते. तिचा कारभार मेंदूत दुसरीकडे चालतो आणि अल्झायमरमध्ये तो बराच उशिरापर्यंत तग धरतो. आत्याने आयुष्यात लाखाच्या वाती दोनदा केल्या होत्या. मी तिच्या पुढ्यात कापूस ठेवला. तिने काही विचारले नाही. बोटांना किंचित राख लावून घ्यायची तिची सवय होती, त्यासाठी तिने नुसता हात पुढे केला. सुनेने वाटीत राख आणून दिली. आत्या जेवणाची वेळ होईपर्यंत वळत होती, एकसारख्या, एका मापाच्या. मी त्या जुड्या बांधून ताटात रचल्या. जेवून आल्यावर तिने ताटाकडे पाहिले, एक वात उचलून उजेडात धरली आणि सुनेला विचारले, "कुणी गं वळल्या या? हात चांगला आहे हिचा."